घरगुती छतदिव्यांचे एलईडी रूपांतर

घरगुती छतदिव्यांचे एलईडी रूपांतर म्हणजे घराच्या छताला किंवा छतालगत भिंतीवर बसवलेले जुने दिवे काढून त्यांच्या जागी एलईडी दिवे अथवा एलईडीची संपूर्ण फिटिंग बसवणे होय. जुन्या दिव्यांत प्रामुख्याने तापदीप्त बल्ब, ट्यूबलाइट आणि सीएफएल यांचा समावेश होतो. प्रस्तुत लेखात भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील घरांमध्ये होणाऱ्या रूपांतराचा विचार केला आहे. येथील घरांचा वीजपुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ असतो आणि खोलीच्या छताचा मध्यभाग बहुधा पंख्याने व्यापलेला असतो. या दोन गोष्टींचा दिव्यांच्या निवडीवर व मांडणीवर परिणाम होतो.

हे रूपांतर दोन पातळ्यांवर होते. पहिल्या पातळीवर होल्डर तोच ठेवून केवळ बल्ब बदलला जातो. दुसऱ्या पातळीवर जुनी फिटिंग उतरवून नवी बसवली जाते. पहिल्या कामाला विशेष कौशल्य लागत नाही. दुसरे काम मात्र वायरिंगशी संबंधित असते, म्हणून त्याचे यश नव्या दिव्याइतकेच छतामागील जुन्या तारांच्या स्थितीवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकात भारतीय घरांत आधी तापदीप्त बल्ब आणि नंतर ट्यूबलाइट रूढ झाली. तापदीप्त बल्बमध्ये टंगस्टनची तार तापून प्रकाश देते. त्यात खर्च होणाऱ्या विजेचा बहुतांश भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याच्या वाफेतून वीज वाहते, तिच्यातून अतिनील किरण बाहेर पडतात आणि नळीच्या आतील फॉस्फरचा लेप त्या किरणांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. सीएफएल ही याच तत्त्वावर चालणारी, वळवलेल्या लहान नळीची आवृत्ती आहे.

निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये अमेरिकेत दृश्य लाल प्रकाश देणारा एलईडी तयार केला. पुढची अनेक वर्षे लाल, पिवळे व हिरवे एलईडी मुख्यतः यंत्रांवरील दर्शक दिवे म्हणून वापरले गेले. पांढऱ्या प्रकाशासाठी निळा एलईडी आवश्यक होता. तेजस्वी निळा एलईडी बनवण्याची पद्धत जपानमधील इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांच्या संशोधनातून १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात साध्य झाली. या कार्यासाठी तिघांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. घरगुती पांढऱ्या एलईडीत सामान्यतः निळ्या एलईडीवर पिवळसर फॉस्फरचा थर असतो आणि दोन्ही रंगांच्या मिश्रणातून पांढरा प्रकाश मिळतो.

भारतात एलईडी बल्बचा प्रसार उजाला योजनेमुळे वेगाने झाला. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेली ही केंद्र सरकारची योजना एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सरकारी क्षेत्रातील कंपनीने राबवली. मोठ्या प्रमाणावर एकत्रित खरेदी केल्यामुळे, २०१४ मध्ये सुमारे ३१० रुपये असलेली प्रतिबल्ब खरेदी किंमत काही वर्षांतच ४० रुपयांच्या खाली आली. योजनेअंतर्गत देशभरात ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वितरित झाले. त्याच योजनेतील एलईडी ट्यूबलाइटची संख्या मात्र ७२ लाखांच्या आसपास राहिली. बल्ब कोणालाही घरच्या घरी बदलता येतो, तर ट्यूबलाइटसाठी बहुधा पट्टी उतरवून तारा नव्याने जोडाव्या लागतात. दोन्ही कामांतील हा फरक रूपांतराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

जुन्या फिटिंगची रचना

तापदीप्त बल्ब व सीएफएलसाठी भारतात प्रामुख्याने बी-२२ प्रकारचा, म्हणजे दोन खिट्ट्यांच्या पिनचा होल्डर वापरला जातो. त्याचे बॅटन होल्डर, अँगल होल्डर व लोंबता पेंडंट होल्डर असे प्रकार आहेत. शोभेच्या दिव्यांत व झुंबरांत आट्यांचे ई-२७ आणि ई-१४ होल्डरही आढळतात. छतातून येणारी तार व लोंबत्या दिव्याची वायर यांचा जोड सीलिंग रोजमध्ये केलेला असतो. जुन्या घरांत हा रोज लाकडी गोल ठोकळ्यावर बसवलेला असतो.

ट्यूबलाइटच्या पट्टीत नळीखेरीज चोक व स्टार्टर हे दोन भाग असतात. स्टार्टर नळी पेटवण्यास मदत करतो, तर चोक पेटलेल्या नळीतील विद्युतप्रवाह मर्यादित ठेवतो. तांब्याच्या वेटोळ्यांचा जुना चोक स्वतःही सुमारे १० ते १५ वॅट वीज खातो. त्यामुळे ४० वॅटच्या नळीचा प्रत्यक्ष वापर ५० वॅटच्या आसपास जातो. नळ्यांचे जाडीनुसार तीन प्रमुख प्रकार आहेत: ३८ मिलिमीटर व्यासाची टी-१२, २६ मिलिमीटरची टी-८ आणि १६ मिलिमीटरची टी-५. चार फुटी नळीसाठी या प्रकारांची शक्ती अनुक्रमे ४०, ३६ व २८ वॅट असते. टी-५ नळीसोबत इलेक्ट्रॉनिक चोक असल्याने तिच्यात होणारा अपव्यय कमी असतो.

नळी, स्टार्टर, चोक आणि होल्डर हे सर्व भाग स्वतंत्रपणे बदलता येतात. त्यामुळे एकच पट्टी दोन-तीन दशके वापरात राहिल्याची उदाहरणे सर्रास आढळतात.

एलईडी फिटिंगची रचना

एलईडी फिटिंगचे चार मुख्य भाग असतात: ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर बसवलेल्या एलईडी चिप, त्यांना नियंत्रित विद्युतप्रवाह पुरवणारा ड्रायव्हर, उष्णता बाहेर टाकणारे धातूचे अंग आणि प्रकाश पसरवणारे दुधी आवरण. घरातील प्रत्यावर्ती विजेचे एकदिश विजेत रूपांतर करून प्रवाह स्थिर ठेवणे हे ड्रायव्हरचे काम असते.

एलईडीची चिप एकाएकी क्वचितच बंद पडते. तिचा प्रकाश हळूहळू मंद होत जातो. म्हणून तिचे आयुष्य प्रकाश मूळ प्रमाणाच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतच्या तासांत मोजतात. प्रत्यक्षात फिटिंग बंद पडते ती बहुधा ड्रायव्हरमुळे. ड्रायव्हरमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने हळूहळू सुकतो आणि तापमानात साधारण १० अंश सेल्सियस वाढ झाली की त्याचे आयुष्य जवळपास निम्मे होते. वेष्टनावर छापलेले १५,००० किंवा २५,००० तासांचे आयुष्य योग्य तापमान गृहीत धरून दिलेले असते. चहूबाजूंनी बंद काचेच्या घुमटात किंवा हवा न खेळणाऱ्या खोबणीत बसवलेला दिवा तेवढा टिकेलच असे नाही.

रूपांतराचे प्रकार

बल्ब बदलणे: जुना बल्ब वा सीएफएल काढून त्याच होल्डरमध्ये एलईडी बल्ब बसवला जातो. या प्रकारात वायरिंगला हात लावावा लागत नाही. होल्डरच्या पिना सैल किंवा काळवंडलेल्या असल्यास होल्डर बदलणे आवश्यक ठरते, कारण सैल संपर्कातील ठिणगीने बल्बचा ड्रायव्हर खराब होतो.

चोक ठेवून नळी बदलणे: काही एलईडी नळ्या जुन्या पट्टीतच बसतात. नळीसोबत मिळणारा विशेष स्टार्टर जुन्या स्टार्टरच्या जागी बसवावा लागतो. काम सोपे असले तरी चोकमधील काही अपव्यय कायम राहतो. इलेक्ट्रॉनिक चोक असलेल्या पट्टीत प्रत्येक नळी चालतेच असे नाही.

चोक काढून नळी बदलणे: यात चोक व स्टार्टर वगळून २३० व्होल्टचा पुरवठा थेट नळीच्या होल्डरला जोडला जातो. काही नळ्यांना फेज व न्यूट्रल एकाच टोकाला, तर काहींना दोन वेगळ्या टोकांना द्यावे लागतात. दुसऱ्या प्रकारात पुरवठा चालू असताना नळीचे एक टोक बसवले गेले, तर मोकळ्या टोकाच्या पिनेतून धक्का बसू शकतो. अशा पट्टीत पुढे कोणी फ्लुरोसंट नळी बसवली तर ती पेटत नाही, आणि काही जोडण्यांत तिची तार थेट पुरवठ्यावर येऊन जळते. म्हणून पट्टीत बदल केल्याची ठळक चिठ्ठी तिच्यावर चिकटवण्याची पद्धत आहे.

संपूर्ण फिटिंग बदलणे: जुनी पट्टी उतरवून तिच्या जागी एलईडी बॅटन बसवला जातो. बाजारात चार फुटी बॅटन बहुधा १८ ते २२ वॅटचे असतात. गोल वा चौकोनी पॅनेल छताच्या पृष्ठभागावरही बसवता येतात. या प्रकारात वायरिंग सरळ राहते, मात्र दिवा व फिटिंग एकच वस्तू होऊन जातात.

फॉल्स सीलिंगमधील दिवे: प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा जिप्समच्या छतात गोल भोक पाडून डाउनलाइट बसवले जातात. स्प्रिंगच्या खिट्ट्यांवर ते अडकतात. नवा दिवा घेताना जुन्या भोकाचा व्यास आणि वरची मोकळी उंची मोजावी लागते. भोक मोठे असेल तर नव्या दिव्याची कड ते झाकू शकत नाही.

दिव्याची निवड

दिव्याचा प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात. वॅट हे केवळ वीजवापराचे माप आहे. ६० वॅटचा तापदीप्त बल्ब साधारण ७०० ल्युमेन, १०० वॅटचा साधारण १,३५० ल्युमेन आणि ३६ वॅटची ट्यूबलाइट साधारण २,४५० ल्युमेन प्रकाश देते. ९ वॅटचा एलईडी बल्ब ९०० ल्युमेनच्या आसपास, तर २० वॅटचा बॅटन २,००० ल्युमेनच्या आसपास प्रकाश देतो. ट्यूबलाइटचा प्रकाश चहूबाजूंना जातो व त्यातील काही भाग पट्टीमागे वाया जातो. एलईडी बॅटनचा प्रकाश मुख्यतः समोर पडतो. म्हणून कमी ल्युमेन असूनही खाली तेवढाच उजेड वाटतो, पण छत व भिंतींचा वरचा भाग आधीपेक्षा काळोखा दिसू शकतो.

प्रकाशाचा रंग केल्व्हिनमध्ये दर्शवतात. २,७०० ते ३,००० केल्व्हिनचा प्रकाश पिवळसर, ४,००० केल्व्हिनचा मध्यम पांढरा, तर ६,५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा असतो. ट्यूबलाइटच्या सवयीमुळे भारतीय घरांत ६,५०० केल्व्हिनच्या दिव्यांना मोठी मागणी आहे. स्वयंपाकघर व अभ्यासाच्या जागी तो सोयीचा मानला जातो. निळा प्रकाश रात्री झोपेला पूरक असलेल्या मेलाटोनिनच्या निर्मितीत अडथळा आणतो, म्हणून झोपण्याच्या खोलीसाठी पिवळसर दिवा सुचवला जातो.

वस्तूंचे रंग दिव्याखाली किती नैसर्गिक दिसतात हे रंगदर्शन निर्देशांकावरून कळते. या निर्देशांकाचे कमाल मूल्य १०० असते आणि घरगुती वापरासाठी ८० किंवा अधिक निर्देशांक योग्य समजला जातो. निर्देशांक कमी असल्यास भाजी, कापड व त्वचा निस्तेज दिसतात.

भारतात एलईडी बल्बसाठी आयएस १६१०२ आणि फिटिंगसाठी आयएस १०३२२ ही मानके आहेत. भारतीय मानक ब्युरोची नोंदणी असलेल्या उत्पादनावर मानकाचे चिन्ह व नोंदणी क्रमांक असतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकन पद्धती एलईडी बल्बसाठी २०१८ पासून अनिवार्य आहे. अधिक तारे म्हणजे प्रति वॅट अधिक ल्युमेन. ताऱ्यांवरून ड्रायव्हरच्या टिकाऊपणाचा थेट बोध होत नाही. त्यासाठी हमीचा कालावधी, चालू शकणाऱ्या व्होल्टेजची मर्यादा आणि व्होल्टेजच्या झटक्यांपासूनचे संरक्षण यांची माहिती उपयोगी पडते.

स्नानगृह, गॅलरी व उघडा व्हरांडा येथे पाणी व धूळ रोखणारी फिटिंग लागते. हे संरक्षण आयपी श्रेणीने दर्शवतात. आयपी-२० ही श्रेणी केवळ कोरड्या खोलीसाठी असते. आयपी-४४ शिंतोड्यांपासून आणि आयपी-६५ पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण देते.

पंख्याच्या खोलीत डाउनलाइटची जागा विशेष विचाराने ठरवावी लागते. दिवा पात्यांच्या वर आणि जवळ असेल तर फिरत्या पात्यांच्या सावल्यांमुळे खोलीभर उजेड लुकलुकतो. सर्वसाधारण पंख्याच्या पात्यांचे वर्तुळ १,२०० मिलिमीटर व्यासाचे असते. दिवे या वर्तुळापासून दूर, भिंतींच्या बाजूला घेतल्यास हा त्रास कमी होतो. चाळीतील व जुन्या सदनिकांतील ट्यूबलाइट बहुधा पंख्याच्या पातळीखाली भिंतीवर असते. छताखालचा दिवा भिंतीवर असण्यामागे हेही एक कारण आहे.

बसवण्याची कार्यपद्धती

फिटिंग बदलण्याचे काम परवानाधारक वीजतंत्री किंवा तारतंत्री यांच्याकडून करून घेणे अपेक्षित असते. कामाचा सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो.

प्रथम वीजपुरवठा खंडित केला जातो. केवळ भिंतीवरचे बटण बंद करणे पुरेसे नसते, कारण जुन्या घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रल तारेवर बसवलेले असण्याची शक्यता असते. अशा जोडणीत बटण बंद असतानाही होल्डरमध्ये वीज असते. म्हणून त्या मंडलाचा एमसीबी किंवा मुख्य स्विच बंद करतात. भारनियमनाच्या काळात अनेक घरांत बॅटरीवरचे इन्व्हर्टर बसवले गेले. त्यांना बहुधा दिवे व पंख्यांचे मंडल जोडलेले असते. मुख्य स्विच बंद करताच इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो आणि दिव्याच्या तारांत पुन्हा वीज येते. त्यामुळे इन्व्हर्टरही स्वतंत्रपणे बंद करावा लागतो.

त्यानंतर प्रत्येक तार तपासली जाते. टेस्टर आधी चालू असलेल्या ठिकाणी लावून तो काम करतो आहे याची खात्री करतात, मग काम करायच्या तारांवर लावतात. जुन्या भारतीय वायरिंगमध्ये फेजसाठी लाल, पिवळी वा निळी, न्यूट्रलसाठी काळी आणि अर्थिंगसाठी हिरवी तार असते. मात्र दुरुस्त्यांत हाताशी असेल त्या रंगाची तार वापरली गेल्याने केवळ रंगावर विसंबणे धोक्याचे असते.

जुनी फिटिंग उतरवताना तिचे वजन पेलण्यासाठी दुसरी व्यक्ती सोबत असणे सोयीचे ठरते. शिडी सपाट जमिनीवर टेकवली जाते. खुर्चीवर स्टूल ठेवून उंची गाठण्याची घरगुती पद्धत अपघाताला आमंत्रण देते. छतात नवी भोके पाडताना बटणापासून फिटिंगपर्यंत तारांची नळी कोणत्या मार्गाने गेली असेल याचा अंदाज घेऊन ती रेषा टाळली जाते. सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. अशा पत्र्याला भोक पाडल्यास उडणारी धूळ फुफ्फुसांना घातक असते, म्हणून दिवा पत्र्याखालच्या लाकडी वा लोखंडी वाशावर बसवणे श्रेयस्कर असते.

जोड देण्यासाठी कनेक्टर वापरला जातो. तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळण्याची पद्धत प्रचलित असली तरी उष्णतेने पट्टीचा गोंद सुटतो आणि जोड उघडा पडतो. फिटिंग धातूची असल्यास अर्थिंगची तार जोडणे आवश्यक असते. शेवटी पुरवठा सुरू करून, बटण बंद असताना फिटिंगमध्ये वीज नाही याची खातरजमा केली जाते.

जुन्या घरांतील विशेष अडचणी

जुन्या वाड्यांत व चाळींत लाकडी पट्टीवर खिळ्यांनी बसवलेल्या तारा अजूनही आढळतात. त्यांचे रबरी आवरण काळाने ठिसूळ होते आणि फिटिंग हलवताच तुकडे पडतात. काही घरांत ॲल्युमिनियमच्या तारा असतात. तांब्याची तार त्यांना थेट पिळून जोडल्यास सांध्यावर गंज चढतो, रोध वाढतो आणि सांधा तापतो. अनेक जुन्या दिव्यांच्या मंडलांत अर्थिंगची तारच नसते. अशा ठिकाणी संपूर्ण प्लास्टिकच्या अंगाची, दुहेरी आवरणाची फिटिंग निवडणे किंवा नवीन तार ओढणे हे पर्याय असतात.

एलईडीचा भार कमी असल्याने जुन्या तारांवरील ताण कमी होतो, हे खरे आहे. तथापि तुटलेले आवरण, सैल सांधा किंवा चुकीच्या तारेवर बसवलेले बटण हे दोष भार कमी झाल्याने दूर होत नाहीत. रूपांतराच्या वेळी फिटिंग उतरलेली असते आणि तारांची टोके उघडी दिसतात. एरवी झाकून राहणारे दोष तपासण्याची ही मोजक्या संधींपैकी एक असते. याच वेळी घरात ३० मिलिॲम्पिअर क्षमतेचे गळतीरोधक आरसीसीबी नसल्यास तेही बसवून घेतले जाते.

कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात स्लॅब ओलावतो. ओल छतातील तारांच्या नळीतून फिटिंगमध्ये उतरते व ड्रायव्हर गंजतो. अशा घरांत गळती थांबवल्याशिवाय छतात खोबणीचे दिवे बसवणे टिकाऊ ठरत नाही.

नेहमी आढळणारे दोष

बंद दिवा मंद उजळणे: बटण बंद केल्यावरही एलईडी अंधारात अंधूक दिसतो. न्यूट्रलवर बसवलेले बटण, बटणातील दर्शक दिवा किंवा जिन्यातील दुहेरी बटणांच्या समांतर लांब तारा ही त्याची मुख्य कारणे होत. तापदीप्त बल्बला एवढा अल्प प्रवाह जाणवत नसल्याने हा दोष आधी लक्षात येत नाही. कारण न्यूट्रलवरील बटण असेल तर तो सुरक्षिततेचा प्रश्न असतो व जोडणी दुरुस्त करावी लागते.

लुकलुकणे: सैल जोड, खराब होत चाललेला कपॅसिटर किंवा हलक्या प्रतीचा ड्रायव्हर यांमुळे प्रकाश थरथरतो. जुना डिमर एलईडीला अनुरूप नसल्यासही असे होते. डिमरसोबत वापरायच्या दिव्यावर तसा स्पष्ट उल्लेख असावा लागतो.

अनेक दिवे एकदम जाणे: तीन फेजच्या पुरवठ्यात इमारतीचा न्यूट्रल तुटल्यास काही घरांतील व्होल्टेज ४०० व्होल्टच्या दिशेने वाढते. एकाच वेळी अनेक ड्रायव्हर जळाल्यास दिव्यांना दोष देण्यापूर्वी न्यूट्रलची तपासणी केली जाते. ती होईपर्यंत फ्रीज, दूरदर्शन संच यांसारखी उपकरणेही धोक्यात असतात.

आवरणात किडे साचणे: उघड्या कडांच्या फिटिंगमध्ये पावसाळ्याच्या सुरुवातीला पाकोळ्या व किडे शिरतात. त्यांचा थर साचून प्रकाश कमी होतो.

विजेची बचत

बचतीचे प्रमाण जुना दिवा कोणता होता आणि तो किती वेळ जळत होता यांवर ठरते. दररोज सहा तास वापर धरल्यास वार्षिक बचतीचा हिशेब पुढीलप्रमाणे होतो.

६० वॅटच्या बल्बऐवजी ९ वॅटचा एलईडी: सुमारे ११२ युनिट.

जुन्या चोकसह ५० वॅट खाणाऱ्या ट्यूबलाइटऐवजी २० वॅटचा बॅटन: सुमारे ६६ युनिट.

३० वॅट खाणाऱ्या टी-५ ट्यूबलाइटऐवजी २० वॅटचा बॅटन: सुमारे २२ युनिट.

रोज केवळ अर्धा तास लागणाऱ्या स्नानगृहातील ६० वॅटच्या बल्बऐवजी ९ वॅटचा एलईडी: सुमारे ९ युनिट.

प्रतियुनिट ८ रुपये दर धरल्यास जुन्या चोकच्या ट्यूबलाइटमागे वर्षाला सुमारे ५२५ रुपये, तर टी-५ मागे सुमारे १७५ रुपये वाचतात. त्यामुळे सर्व दिवे एकदम बदलण्याऐवजी सर्वाधिक वेळ जळणारे बल्ब व जुन्या चोकच्या पट्ट्या आधी बदलणे अधिक किफायतशीर ठरते. चालू स्थितीतील टी-५ पट्टी ती बंद पडेपर्यंत वापरण्यातही आर्थिक तोटा फारसा नसतो. महाराष्ट्रातील घरगुती वीजदर टप्प्यांनुसार वाढतो. वाचलेली युनिटे बिलातील सर्वांत वरच्या, म्हणजे महागड्या टप्प्यातून कमी होत असल्याने अधिक वापर असलेल्या घरांना मिळणारा लाभ सरासरी दरावरून काढलेल्या हिशेबापेक्षा जास्त असतो.

मर्यादा

रूपांतराने वीजवापर कमी होईलच असे नाही. दिवाणखान्यातील एका ट्यूबलाइटच्या जागी फॉल्स सीलिंगमध्ये १२ वॅटचे बारा डाउनलाइट बसवले, तर सर्व दिवे चालू असताना १४४ वॅट वीज लागते. म्हणजेच ५० वॅटच्या जुन्या पट्टीच्या जवळपास तिप्पट वीज खर्च होते. दिव्यांची विभागणी दोन-तीन बटणांवर केल्यास हा वापर आटोक्यात राहतो.

दुसरी मर्यादा दुरुस्तीची आहे. ट्यूबलाइटचा स्टार्टर गल्लीतल्या दुकानात मिळतो व कोणालाही बदलता येतो. एकसंध एलईडी बॅटनमधील ड्रायव्हर बंद पडल्यास बहुधा संपूर्ण बॅटन टाकून द्यावा लागतो. अनेक पॅनेल व डाउनलाइटमध्ये ड्रायव्हर वेगळ्या पेटीत असतो व प्लगने जोडलेला असतो. अशा फिटिंगमध्ये तेवढाच भाग बदलता येतो. बदली ड्रायव्हरचा विद्युतप्रवाह व व्होल्टेजची मर्यादा मूळ ड्रायव्हरशी जुळणे आवश्यक असते. त्यामुळे खोबणीच्या दिव्यांत, विशेषतः एकाच प्रकारचे अनेक दिवे असताना, वेगळ्या ड्रायव्हरची फिटिंग घेणे आणि एक-दोन दिवे जादा ठेवणे उपयुक्त ठरते. काही वर्षांनी त्याच आकाराचा व रंगछटेचा दिवा बाजारात मिळेलच याची शाश्वती नसते.

जुन्या दिव्यांची विल्हेवाट

ट्यूबलाइट व सीएफएलमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो. नळी फुटल्यास त्याची वाफ हवेत मिसळते. अशा वेळी खिडक्या उघडून पंखा बंद करतात व किमान दहा मिनिटे खोलीबाहेर थांबतात. तुकडे जाड कागदाने उचलतात, बारीक कण चिकटपट्टीने टिपून घेतात आणि सर्व बंद बरणीत ठेवतात. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनरमुळे पारा अधिक पसरतो, म्हणून त्यांचा वापर टाळला जातो.

भारतात पारायुक्त दिवे ई-कचऱ्यात मोडतात. त्यांना लागू असलेले ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. असे दिवे ओल्या वा सुक्या कचऱ्यात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे देणे अपेक्षित असते. पाऱ्यावरील मिनामाता कराराच्या सदस्य राष्ट्रांनी २०२३ मध्ये फ्लुरोसंट दिव्यांचे उत्पादन, आयात व निर्यात २०२७ अखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा निर्णय घेतला. भारताने २०१८ मध्ये या कराराला मान्यता दिली आहे. नळ्यांची उपलब्धता जसजशी कमी होईल, तसतशी जुन्या पट्ट्या चालू ठेवणेही कठीण होत जाईल.

एलईडीमध्ये पारा नसतो. तथापि त्यातील सर्किट, कपॅसिटर व धातू यांमुळे बंद पडलेला एलईडी दिवाही ई-कचराच ठरतो. जुन्या चोकमधील तांबे व लोखंड भंगारवाल्याकडे पुनर्वापरासाठी जाते. नळी मात्र पट्टीसोबत भंगारात देताना बहुधा फोडली जाते. त्यामुळे ती आधीच काढून वेगळी ठेवणे आवश्यक असते.

हेही पहा

तापदीप्त बल्ब
ट्यूबलाइट
सीएफएल
प्रकाश उत्सर्जक डायोड
उजाला योजना
ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो
ई-कचरा